माझ्या अक्षरातलं पत्र

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी रात्री, ग्लासगोत, मी एका मैत्रिणीशी खोटं बोलले. त्यात कोणाचं नुकसान झालं नाही. उलट ऐकणारीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण घरी आल्यावर झोप लागेना, आणि ते खोटं कुठून आलं ते शोधत मी जिथे पोचले, तिथलं आज लिहिते आहे.

आमच्या फार्मसीतल्या एकीची पन्नाशी होती. आम्ही सात जणी मर्चंट सिटीतल्या एका मेक्सिकन कँटिनात गेलो. छताला कागदी जाळीच्या रंगीत पताका, भिंतीवर फुलं माळलेल्या कवट्यांची चित्रं, टेबलावर टाको आणि हिरव्या चटणीच्या वाट्या. कोपऱ्यात दोन पावलं चढून जाण्याइतका रंगमंच आणि त्यामागे लाल पडदा. मार्गारिटाच्या पेल्याच्या काठाला मीठ लावलेलं असतं. ओठांना आधी खारट लागतं, मग लिंबू, मग टकीला. बाहेर पाऊस होता आणि आत सगळ्यांच्या कोटांना ओल्या लोकरीचा वास येत होता.

नऊला कॅबरे सुरू झाला. आधी निवेदक आला. तो पुरुष होता, पण बाईच्या वेशात, रुपेरी गाउन आणि हातभर उंच केसांचा टोप घालून. मग एक गायिका आली. शेवटी एक नर्तिका आली, चाळिशीच्या पुढची, अंगानं भरलेली, हातात पिसांचे दोन मोठे पंखे. तिने एकेक हातमोजा बोटाबोटाने सोडवत काढला तेव्हा सगळी खोली श्वास रोखून होती. पुढे आणखी कपडे उतरले, पंखे उघडले-मिटले, आणि शेवटी ती नुसत्या टिकल्यांच्या पोशाखात हात पसरून उभी राहिली. आम्ही उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. मी शिट्टीही मारली. तिचं अंगावरचं प्रभुत्व, वेळेचं भान, लोकांच्या नजरेला नजर देण्याची ताकद मला मनापासून आवडली होती, आणि आजही मी त्या टाळ्या परत घेत नाही.

खेळ संपल्यावर ती टेबलांमधून फिरली. बक्षिसीसाठी हातात कार्डाचं छोटं यंत्र होतं. आमच्याजवळ आली तेव्हा तिने बूट काढून काखेत धरले होते. टाचेला चिकटपट्टी होती आणि तिच्या कडेने रक्त सुकलेलं होतं. मी पाच पौंडांसाठी कार्ड टेकवलं. यंत्र वाजलं, ती हसली आणि पुढे गेली.

मग शेजारच्या मैत्रिणीने विचारलं, ‘तुमच्याकडे असं काही असतं का गं?’

मी म्हटलं, ‘असतं की. लावणी.’ फोनवर एक चित्रफीत काढून दाखवली. नऊवारी, घुंगरं, ढोलकी. मग विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सांगितली. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्यावर आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढे येऊन नाचल्या, अशी ती गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. मैत्रिणीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, ‘केवढा मान असेल या बायकांना तुमच्याकडे!’

आणि मी म्हटलं, ‘हो. खूप.’

विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला होता, हे खरं आहे. त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि 2002 च्या जानेवारीत त्या वारल्या, हेही खरं आहे. ते मी सांगितलं नाही. पण माझं खोटं तेवढ्यापुरतं नव्हतं. ‘मान’ हा शब्द त्या रात्री माझ्या तोंडून निघाला, ही खरी अडचण होती. कारण नाचून पोट भरणाऱ्या दोन मुलींना मी किती मान दिला होता, ते कागदावर आहे, माझ्या अक्षरात.

साल 2005, गाव पनवेल. आमची चार मजली सोसायटी, आम्ही तळमजल्यावर, बाबा सेक्रेटरी. दुसऱ्या मजल्यावर दोन मुली भाड्याने राहायला आल्या होत्या. संध्याकाळी सहाला रिक्षा यायची आणि पहाटे सोडायची. सोसायटीत त्यांना नावं नव्हती, ‘त्या बारवाल्या’ एवढंच. मी चोवीस वर्षांची होते, मुंबईत एका औषध कंपनीत सहा हजारांवर लागलेली. थोरली मला जिन्यात भेटायची आणि आपण होऊन बोलायची. एकदा म्हणाली, ‘माझी आजी संगीत बारीत होती, ताई. आम्हाला हे नवीन नाही. फक्त तिच्यासमोर ढोलकी होती आणि आमच्यासमोर स्पीकर आहे.’ मी हसून घरात गेले. त्या वाक्यात केवढा इतिहास होता, ते मला फार उशिरा कळलं. किशोर शांताबाई काळ्यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ तेव्हा येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयातून घेऊन मी ते वाचलंही होतं. वाचून रडले होते. पुस्तकातल्या बाईसाठी रडता येत होतं. जिन्यातल्या बाईजवळ थांबता येत नव्हतं.

त्या मार्चअखेर गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधानसभेत डान्सबार बंद करण्याची घोषणा केली होती. आमच्या सोसायटीत पेढे वाटले नाहीत एवढंच. आपल्या घरातली मुलं आता वाचली, असं सगळे बोलत होते. मीही बोलत होते.

मग 26 जुलै आला. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी मुंबईत अडकले, बाबा ठाण्याला अडकले, आई घरात एकटी. पाणी ओट्यापर्यंत आलं तेव्हा वरून त्या दोघी खाली आल्या. रिक्षा येणार नव्हती, कामावर जायचं नव्हतं. त्यांनी आधी आईला वर नेलं, मग कमरेएवढ्या पाण्यातून धान्याचे डबे, गादी आणि देवघरातले देव नेले. आई ती रात्र त्यांच्या घरी राहिली, त्यांच्या पलंगावर झोपली. दुसऱ्या दिवशी चालत, ट्रकमधून, पुन्हा चालत मी घरी पोचले, तेव्हा आई त्यांच्या स्वयंपाकघरात खाली बसून खिचडी खात होती. धाकटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तिच्या तळपायांना पाण्याने सुरकुत्या पडल्या होत्या. निघताना त्यांनी आईला स्टीलच्या डब्यात उरलेली खिचडी बांधून दिली.

15 ऑगस्टपासून बंदी लागू झाली. त्याच महिनाअखेर सोसायटीची सभा भरली आणि घरमालकाला पत्र पाठवायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. बाबांनी दोन वाक्यं सांगितली. आमची सोसायटी सभ्य व कुटुंबवत्सल लोकांची असून, आपले भाडेकरू येथील वातावरणास साजेसे नाहीत. एक महिन्यात जागा रिकामी करून घ्यावी. एवढंच. मग मी आपण होऊन तिसरं वाक्य घातलं: सोसायटीतील लहान मुलींच्या मनावर याचा विपरीत परिणाम होत आहे. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, ‘वा, मुद्द्याचं लिहिलंस.’ मला बरं वाटलं.

ते तिसरं वाक्य मी का लिहिलं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की वय लहान होतं, घरच्यांचा दबाव होता. दबाव नव्हता. तिसरं वाक्य कोणी मागितलंच नव्हतं. सोसायटीत लहान मुली तीनच होत्या, आणि त्यांच्या मनावर काय परिणाम झाला हे मी कोणाला विचारलं नव्हतं. खरी कारणं दोन आहेत आणि दोन्ही लिहायला हात जड होतो. एक, पुराच्या रात्री आई त्यांच्या पलंगावर झोपली याची बायकांत कुजबुज चालली होती, आणि तो उपकार मला डागासारखा वाटत होता. तो पुसायचा तर आम्ही त्यांच्या बाजूचे नाही हे सगळ्यांना दिसायला हवं होतं. दुसरं, त्यांच्याकडे कपडे धुण्याचं यंत्र होतं. मी पदवी घेऊन सहा हजार कमवत होते आणि त्यांच्या गॅलरीत ते यंत्र फिरताना मला ऐकू यायचं. आईचे हात धुणं धुऊन सोललेले असायचे. मला त्यांचा हेवा वाटत होता, आणि हेव्याला मी नीतीचे कपडे घातले.

सप्टेंबरअखेर त्या गेल्या. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी दार लावून आत बसले.

पुढचं सगळं मी वर्तमानपत्रांतून वाचत राहिले, जणू माझा त्याच्याशी संबंधच नाही. त्या कायद्यात तीन तारे किंवा त्याहून वरची हॉटेलं, सभासदांचे क्लब आणि नाट्यगृहं वगळली होती. म्हणजे नाच वाईट नव्हता, नाच पाहणारा कोण आणि कुठे बसून पाहतो यावर ते ठरत होतं. बारबालांची संघटना आणि बारमालक उच्च न्यायालयात गेले. 12 एप्रिल 2006 ला बंदी घटनाबाह्य ठरली आणि 16 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पुन्हा नवे कायदे आले, पुन्हा खटले झाले. 2019 च्या जानेवारीत न्यायालय म्हणालं की नोटा उधळू नयेत, बक्षिसी देता येईल. त्या चौदा वर्षांत ज्या घराबाहेर पडल्या त्यांचं काय झालं, हे निकालांच्या तारखांत येत नाही. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि स्त्री अत्याचारविरोधी मंचाने तेव्हाच या बायकांशी बोलून अहवाल काढला होता. परंपरेने नाचणाऱ्या समाजांतल्या कितीतरी जणी त्यात होत्या. जिन्यातल्या मुलीने मला तेच एका वाक्यात सांगितलं होतं.

इकडे स्कॉटलंडमध्येही हा वाद आहेच. 2022 साली एडिनबरा महापालिकेने स्ट्रिप क्लबांची संख्या शून्यावर आणायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या नाचणाऱ्यांची संघटनाही कोर्टाच्या लढाईत उतरली आणि 2023 च्या फेब्रुवारीत कोर्ट ऑफ सेशनने तो निर्णय बेकायदा ठरवला. ती बातमी वाचून मी फार्मसीत चहा पिताना त्या बायकांची बाजू तावातावाने मांडली होती. सहकाऱ्यांना वाटलं, किती मोकळ्या मनाची बाई. मला ते ऐकून सुख झालं, हेही इथे लिहून ठेवते. पनवेलपासून सात हजार किलोमीटरवर कोणाची बाजू घ्यायला काही मोल पडत नाही.

त्या शनिवारी कँटिनातून निघून मी ट्रॉनगेटवरून सेंट इनॉकच्या सबवेकडे चालत गेले. वाटेत ब्रिटानिया पॅनॉप्टिकॉन लागतं. वरच्या मजल्यावर, पडद्याआड गेल्यासारखं, जुना म्युझिक हॉल आहे. स्टॅन लॉरेल 1906 साली सोळाव्या वर्षी तिथे पहिल्यांदा उभा राहिला. 1938 ला ते बंद झालं. आता लोक ते जपतात, वारसा म्हणून दाखवतात. शंभर वर्षं गेली की सगळ्याच नाचगाण्याचा वारसा होतो, आणि लावणीचंही तेच झालं म्हणून ती मला परक्या टेबलावर मिरवता आली. बाजूचेच रस्ते, ग्लासफर्ड स्ट्रीट, व्हर्जिनिया स्ट्रीट, तंबाखूच्या आणि गुलामांच्या श्रमाच्या पैशातून उभे राहिले. 2022 च्या मार्चअखेर ग्लासगो महापालिकेने त्याबद्दल माफी मागितली. माफीच्या आधी एका इतिहासकाराकडून पुतळ्यांचा, रस्त्यांचा हिशेब मांडून घेतला होता. पावसात त्या रस्त्यांच्या पाट्यांखाली उभी असताना मला त्या हिशेबाचा हेवा वाटला. मी कुठलाच हिशेब मांडला नव्हता. त्या दोघींची खरी नावंसुद्धा मला माहीत नव्हती.

रविवारी सकाळी आईला फोन केला. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, ती आता भावाकडे असते. मी विचारलं, ‘आई, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोघी आठवतात का गं? पुराच्या वेळच्या?’

तिकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, ‘थांब जरा.’ भांडी सरकवल्याचा आवाज आला. ‘त्यांचा डबा आहे माझ्याकडे. खिचडीचा. द्यायचा राहून गेला. रवा ठेवते त्यात.’

‘त्यावर नाव आहे?’

‘आहे की. पाठीमागे कोरलेलं आहे.’ चष्मा लावून तिने वाचून दाखवलं. दोघींपैकी एकीचं, सोसायटीत कधी कोणी न उच्चारलेलं. पूर्ण नाव, आईचं नाव जोडलेलं, आणि खाली गावाचं नाव. ते मी इथे लिहीत नाही.

मी मग पत्राचं सांगितलं. तिसरं वाक्य कोणाचं होतं तेही सांगितलं. वीस वर्षं ती ते बाबांचं समजत होती.

आई म्हणाली, ‘ती मला मावशी म्हणायची.’ नंतर थोड्या वेळाने म्हणाली, ‘रवा काढून घासून ठेवते. पण पाठवायचा कुठे?’