नमुन्याची पट्टी

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात, रस्त्याकडेला, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. तिथले म्हातारे मिस्त्री जन्मभर रॉडनेच वेल्डिंग करत आले होते. एका उन्हाळ्यात मालकांनी मिग मशीन आणलं. तिकडे त्याला सगळे सीओटू मशीनच म्हणत. मिस्त्रींच्या हाताखाली एक चलाख पोरगा होता, मशीन त्याच्याकडे आलं.

पोराने वायरचा रोल चढवला, ०.८ मिलिमीटरची वायर रोलरच्या खाचेतून ओवली, गन प्लसला जोडली, अर्थिंग मायनसला. गॅस मिनिटाला १२ लिटरवर ठेवला. बटण दाबलं की वायर आपसूक पुढे येई. रॉड बदलायला नको, टाक्यावरची खपली झाडायला नको. थोड्याच दिवसांत तो खिडक्यांच्या ग्रिल भराभर जोडू लागला.

एका दुपारी टाक्यात बारीक भोकं पडायला लागली. गॅस कमी पडतोय असं वाटून त्याने तो वाढवला. भोकंही वाढली. मिस्त्री उठले आणि त्यांनी शेजारचा फॅन बंद केला.

"फॅन गॅस उडवून नेतोय. आणि गॅस फार जोरात सोडलास, तर तो घुसळतो नि बाहेरची हवा आत ओढतो."

पोराने गॅस पुन्हा १२ वर आणला. भोकं गेली.

कारखाना सुरू व्हायच्या तोंडावर एक शेतकरी ट्रॉली घेऊन आला. हुकाची १० मिलिमीटरची पट्टी एका बाजूने निखळत आली होती. पोराने गन उचलली.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "आधी एवढ्याच जाडीच्या पट्ट्यांवर नमुना कर."

पोराने एका पट्टीवर दुसरी उभी धरून एका बाजूने टाका ओढला. टाका वेणीसारखा एकसारखा पडला. शेतकरी खूश झाला. मिस्त्रींनी नमुना व्हाइसमध्ये आवळला आणि हातोडा मारला. दुसऱ्याच घावाला उभी पट्टी सुटून पडली. खाली गॅस कटरच्या रेघा जशाच्या तशा होत्या.

"दिसायला तर चांगलं होतं," पोरगा म्हणाला.

"वायर वितळली रे, पट्टी नाही वितळली. हे २ मिलिमीटरच्या पत्र्याचं सेटिंग आहे."

मग पोराने १.२ ची वायर चढवली, टिप आणि रोलर त्याच मापाचे बसवले. पट्ट्या चकाकेपर्यंत ग्राइंडर मारला, अर्थिंगचा चिमटा गंजावरून काढून उघड्या लोखंडाला लावला, व्होल्टेज आणि वायरचा वेग दोन्ही वाढवले. नव्या नमुन्यावर हातोडा त्यानेच चालवला. पट्टी वाकत वाकत पार आडवी झाली, पण टाका सुटला नाही.

भोकं पडली तेव्हा पोरगा आपणहून थांबला होता, कारण ती डोळ्यांना दिसत होती. देखण्या टाक्यापाशी मात्र कुणीच थांबलं नसतं. तो तसाच रस्त्यावर गेला असता, आणि भरल्या ट्रॉलीमागून मोटरसायकलवर येणाऱ्या कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागली असती.

हुकाची निखळलेली बाजू जोडून झाली. शेतकरी ट्रॅक्टरकडे वळला. पोरगा मात्र वाकून दुसऱ्या बाजूचा जुना टाका बघत होता. तो वरून शाबूत दिसत होता.

"काका, अजून तासभर लागेल," तो म्हणाला आणि त्याने तो टाकाही ग्राइंडरने उघडायला घेतला.