रक्तातून आलेला आशीर्वाद

‘गॉड ब्लेस यू’ हे शब्द आता आपल्याकडेही सहज कानावर पडतात. त्यातला ‘ब्लेस’, म्हणजे आशीर्वाद देणं, हा ‘ब्लड’चा, रक्ताचा नातलग आहे, असं बहुतेक भाषाअभ्यासक मानतात. ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ रक्त लावून पवित्र करणं असा असावा; बळीचं रक्त वेदीवर शिंपडण्याच्या प्रथेतून तो आला असावा. पुढे इंग्रज ख्रिस्ती झाले आणि लॅटिनमधल्या ‘चांगलं बोलणं’ या अर्थाच्या शब्दासाठी त्यांनी हाच जुना शब्द वापरला. रक्त पुसलं गेलं, शुभेच्छा उरली. आपल्या ‘आशीर्वादा’त तर पहिल्यापासून वाणीच आहे.

म्हणून आपण वरचढ, असं कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. शब्द निर्मळ असूनही नवसाचा बोकड आपल्याही जत्रांत कापला जातोच. आणखी कुणी विचारेल, आज बोलणाऱ्याला व्युत्पत्तीचं काय? बरोबर आहे; शब्द कुठे जन्मला यापेक्षा माणसांनी त्याला कुठवर नेलं, हेच मोठं. श्रद्धेचंही तसंच. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या शिरूरला कंपनी सरकारची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरात नोंद आहे, की आसपासचे गावकरी त्याला ‘सत्पुरुष’ मानत आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर नेत. परक्या फौजेतल्या माणसाची पूजा कुणाला खटकेल. पण ज्याचा पेशाच लढाईचा, त्याच्यापुढेही या शेतकऱ्यांनी धान्य ठेवलं. इंग्रजी शब्दाला जिथे पोचायला शतकं लागली, तिथे त्यांची श्रद्धा आपसूक पोचली.

आज रक्त पुन्हा आशीर्वादाकडे वळलं आहे, रक्तदानातून. पुणे–नगर रस्ता शिरूरमधून जातो, पुणे–सोलापूर रस्ता दौंड तालुक्यातून. अशा रस्त्यांवरच्या अपघातातल्या जखमीला, अडलेल्या बाळंतिणीला लागणारं रक्त कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही. एका वेळी घेतलेल्या सुमारे ३५० मिलिलिटर रक्तातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळे करून एकाहून अधिक रुग्णांना देता येतात. ही वैद्यकाची बाब, यात आशीर्वाद कसला, असं वाटेल. पण बळी देणारा दुसऱ्याचा जीव देऊन स्वतःचं भलं मागतो. रक्तदाता स्वतःचं देऊन अनोळखी माणसाचं भलं करतो, आणि ते कुणाला मिळालं, हे बहुधा त्याला कळतही नाही. ‘तुझं भलं होवो’ हे असंही म्हणता येतं, एक शब्द न उच्चारता.