निवृत्ती कशापासून?

नियत वयोमानानुसार सेवानिवृत्तीचा आदेश हाती पडतो, कार्यभार दुसऱ्याकडे सोपविला जातो आणि शासनाच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघते. माझ्या मनात मात्र ते निकाली निघाले नाही. त्या दिवशी मी सोडले ते काय, पद की काम? आपल्या परंपरेत प्रवृत्तीच्या जोडीने येणारा ‘निवृत्ती’ हा भारदस्त शब्द निवृत्तिवेतनाच्या कागदापुरताच उरावा का?

या संदर्भात मला सैद्धांतिक भौतिकीचे प्राध्यापक हान्स बेथे यांचे उत्तरायुष्य विचार करण्याजोगे वाटते. आई ज्यू कुळातली, म्हणून १९३३ साली जर्मनीतील अध्यापकपद त्यांना गमवावे लागले. १९३५ पासून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात होते. ताऱ्यांमधील ऊर्जेचा उगम उलगडल्याबद्दल १९६७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली ते निवृत्त झाले आणि २००५ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, निवर्तले. मधली तीस वर्षे त्यांचे संशोधन थांबले नाही.

सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो कण अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांशच का आढळतात, हे कोडे तेव्हा सुटत नव्हते. सूर्यातून बाहेर पडताना हे कण आपला प्रकार बदलत असावेत, अशी कल्पना मिखेयेव आणि स्मिर्नोव या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मांडली. दोघेही बेथे यांच्याहून कितीतरी लहान. ऐंशीच्या उंबरठ्यावरील बेथे यांनी १९८६ साली ती कल्पना समजून घेतली, आपल्या पद्धतीने मांडली आणि तिला मान्यता मिळण्यास हातभार लावला. पुढे १९९९ साली, नव्वदी ओलांडल्यावर, वृद्धनिवासातील शेजाऱ्यांसाठी त्यांनी क्वांटम सिद्धांतावर तीन व्याख्याने दिली. तेथे ना परीक्षा होती, ना पदवी.

यावर कोणी म्हणेल, ज्येष्ठांनी असे काम करीत राहिल्यास तरुणांना वाव कसा मिळणार? आक्षेप रास्त आहे, आणि त्यात मी स्वतः दोषी आहे. निवृत्तीनंतर काही महिने मी जुन्या कार्यालयात सल्ला देण्यास जात असे. तरुण अधिकारी उठून उभा राही, चहा मागवी, आणि बाहेर लोक तिष्ठत बसत. त्याच्या सौजन्याला मी माझी गरज समजलो. तो काय नवे करतो आहे, हे मी एकदाही विचारले नाही.

बेथे यांच्यात आणि माझ्यात बुद्धीचे अंतर तर अफाट आहेच. पण मला बोचते ते दुसरेच. त्यांनी अधिकार सोडला व जिज्ञासा ठेवली. मी जिज्ञासा सोडून अधिकार उराशी धरला होता.

आता मी तिकडे जात नाही. जमिनीच्या नामांतरणाचे अर्ज घेऊन कोणी घरी आले, तर ते वाचून समजावून देतो. भूमी अभिलेख संगणकावर कसे पाहायचे, हे मला शेजारचा महाविद्यालयीन मुलगा शिकवितो. तो कधीकधी रागावतो. मी पुन्हा विचारतो.