मोकळा शुक्रवार

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जातो, हे वाचकांना ठाऊकच आहे. अशाच एका शुक्रवारी सकाळी मी एका वाडीतल्या घरी गेलो. सत्तरी ओलांडलेले पतिपत्नी ओटीवर समोरासमोर बसून राजेळी केळी सोलत होते. शेजारी सुपात सोललेल्या केळ्यांची रास होती. ती सुकेळ्यांसाठी उन्हात मांडायची होती. आगाशीकडच्या सुकेळ्यांची गोडी वसईच्या माणसाला मी काय सांगणार! परंतु या घरात ती चाखणारे कोणीच नव्हते. काकांची मूत्रपिंडे निकामी झालेली. केळ्यात पोटॅशियम फार, म्हणून केळे वर्ज्य आणि शहाळेही वर्ज्य. मावशींना मधुमेह. सुकेळी जाणार होती ती लेकींच्या घरी आणि शेजारीपाजारी. तरीही दोघांच्या मुद्रेवर जे समाधान होते, ते मी लग्नाच्या मांडवातही क्वचितच पाहिले आहे.

आत भिंतीवर दिनदर्शिका टांगली होती. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या वारांभोवती लाल शाईने वर्तुळे केलेली. त्या दिवशी काकांचे डायलिसिस. चार तास यंत्राला जोडून पडायचे आणि जाण्यायेण्याचा वेळ त्यात मिळवायचा, दिवस संपला! परतल्यावर त्यांना ताटावर बसवत नाही, इतका थकवा येतो. सोमवारी रक्ताची तपासणी आणि औषधांची खरेदी. बुधवारी मावशींच्या साखरेचे डॉक्टर. रविवार प्रभूचा. उरला शुक्रवार. ज्या हातात सुया टोचतात त्या हाताने ओझे उचलायचे नाही, म्हणून त्या दिवशी लोंगर मावशी उचलून आणतात आणि काका सोलायला बसतात. दिवसाचे पाणी मापून प्यायचे असल्याने काकांचा चहा अर्धा कपच. तो ते पाऊण तास पुरवतात.

ख्रिस्तप्रसाद झाल्यावर मावशी माझ्यामागून पायरीपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फादर, आज मला मुंबईला डोळे दाखवायला जायचं होतं. गेले नाही. म्हटलं, एक दिवस तरी घरात बसू. देवानं दिलेल्या डोळ्यांची हयगय केली, हे पाप तर नाही ना?"

(हा प्रश्न पापनिवेदनात नव्हे, उघड्या ओटीवर विचारला गेला आणि तो लिहिण्यास त्या दोघांची अनुमती आहे, हे येथे सांगून ठेवतो.)

मी हसून म्हणालो, "मावशी, यात पाप कसलं?" आणि पुढच्या घरी निघून गेलो.

उत्तर सोपे होते, नव्हे, मला पाठ होते. सेमिनरीत आम्ही शिकलो होतो की, जीव जपणे हे कर्तव्य असले तरी त्याला मर्यादा आहे. सोळाव्या शतकातले स्पॅनिश डॉमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी म्हणून ठेवले आहे की, वैद्याने कोंबडी आणि तित्तिर खाण्यास सांगितले तरी साध्या अन्नावर भागवणारा माणूस दोषी ठरत नाही. पुढे 24 नोव्हेंबर 1957 रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे बोलताना हाच विचार मांडला. सामान्यतः माणूस सर्वसाधारण उपायांनाच बांधलेला आहे. आणि सर्वसाधारण उपाय ते, ज्यांचा स्वतःवर अथवा दुसऱ्यावर जड भार पडत नाही.

रात्री मात्र मन स्वस्थ राहिना. मधुमेहात डोळ्याचा पडदा न दुखता, न कळता बिघडत जातो आणि वेळीच लेसर केला तर पुष्कळदा दृष्टी वाचते, हे मला माहीत होते. त्या डोळ्यांनीच मावशी काकांच्या गोळ्या निवडतात. उद्या त्या अधू झाल्या, तर माझे ते हसून दिलेले उत्तर कोणाच्या खात्यात मांडायचे? आणि मुळात दुसऱ्याच्या डोळ्यांविषयी इतके उदार होण्याचा मला अधिकार तरी काय?

उलट, "शुक्रवार सोडा आणि मुंबईला जा," असे तरी मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? सारे उपचार सोसायचे ते कशासाठी? अर्ध्या कप चहासाठी, समोरासमोर बसून केळी सोलण्यासाठीच ना? तेच वजा केले, तर दिनदर्शिकेवर लाल वर्तुळांखेरीज काय शिल्लक राहते? घरातला हा साधा आनंद म्हणजे उपचारांतून उरलेला वेळ घालवणे, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

तेव्हा पोपमहाशयांच्या बोलण्यातल्या 'दुसऱ्यावर' या शब्दापाशी मी अडखळलो. मावशींचे मुंबईला जाणे जड का होते? डोळ्यांत थेंब घातल्यावर कित्येक तास धूसर दिसते. सोबत माणूस लागतो. मुली लांब दिलेल्या. राहिले काका, आणि त्यांनी आदल्या दिवशीच्या डायलिसिसनंतर विरार लोकलच्या गर्दीत उभे राहायचे! भार उपचाराचा नव्हताच, एकटेपणाचा होता. आमच्या धर्मग्रामात नोव्हेनाला जागा अपुरी पडते, आणि एका वृद्धेला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन आणणारे मनुष्य मिळू नये? उपाय सर्वसाधारण की असाधारण हे पुस्तकात ठरलेले असते, असे मी तीस वर्षे समजत आलो. ते पुष्कळसे शेजारी ठरवतात, हे त्या रात्री ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा गेलो. काका डायलिसिसहून परतून निजले होते. मी मावशींना म्हणालो, "काल मी घाईने बोललो. पाप नाही, हे खरं. पण डोळे दाखवायला हवेत, हेही खरं." त्यांनी मान डोलावली आणि विचारले, "जाऊ कोणाबरोबर?" शेजारच्या आळीतली एक निवृत्त शिक्षिका तयार झाली. पुढच्या बुधवारी दोघी सकाळच्या लोकलने गेल्या. साखरेच्या डॉक्टरांची वेळ सोमवारवर ढकलली.

पडद्यावर थोडा रक्तस्राव झालेला आढळला. लेसरच्या दोन बैठका सुचवल्या गेल्या. दवाखान्याने पहिल्या बैठकीला शुक्रवार दिला होता. मावशींनी तिथल्या तिथे तो बदलून बुधवार मागून घेतला. शुक्रवारी सुकेळी उलटायची होती.