वाट पाहण्याचा हिशेब

विट्यातल्या एका व्याख्यानात वक्त्याने दुष्काळी भागातल्या पोरांना सल्ला दिला : जिवाणूच्या बीजाणूसारखे व्हा, योग्यासारखे स्वस्थ बसा, बरा काळ आला की आपोआप उठाल. टाळ्या पडल्या. मला ते ‘आपोआप’ खटकलं.

बीजाणू किती चिवट असतो, हे माण-खटाव-आटपाडीच्या पशुपालकाला सांगायला नको. पावसाळ्यात धष्टपुष्ट खिलार खोंड एकाएकी लंगडतं, मांडीवरची सूज दाबली की चरचरते. हा फऱ्या रोग! त्याच्या जिवाणूचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, चाऱ्याबरोबर पोटात जातात, पुढे स्नायूत निपचित राहतात. मुका मार लागून तिथला प्राणवायू घटला की रुजतात. म्हणून लस पावसाळ्याआधी.

पण टिकणं वेगळं, जगणं वेगळं. टिकलेल्या बीजाणूचा गाभा जवळपास कोरडा, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्लाने ठासलेला. बॅसिलस सब्टिलिस या जिवाणूच्या बीजाणूला अ‍ॅलनिनसारखं अमिनो आम्ल भेटलं की गाभ्यातलं डायपिकोलिनिक आम्ल बाहेर पडतं, पाणी आत शिरतं, भोवतीचा जाड थर विरघळतो. वाढ त्याच्याही नंतर. आणि एकदा रुजायला लागला की चिवटपणा संपला. परत फिरता येत नाही.

शास्त्रज्ञ जॉन टिंडलने 1877 मध्ये नेमकं हेच हेरलं. गवताचा काढा एकदा उकळून नासायचा थांबेना, तेव्हा त्याने तो मध्ये वेळ सोडून पुन्हा पुन्हा तापवला. मधल्या वेळात जे बीजाणू रुजले, ते पुढच्या उकळीत मेले. जागे झाले म्हणून मेले.

मग वक्त्याचंच खरं, पडून राहावं? तेही नाही. 2022 मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी दाखवलं, की निद्रिस्त बीजाणू प्रत्येक बारीक चाहुलीला साठवणीतलं थोडं पोटॅशियम सोडतो. मर्यादा ओलांडली की उठतो. म्हणजे स्वस्थ दिसणारा आतून हिशेब करत असतो, तोही गाठचं खर्चून. मी निघालो होतो वाट पाहण्याला आळस ठरवायला. आता ते काम आहे असं म्हणावं लागतं.

शिवाय सगळे एकदम उठत नाहीत. काहींकडे चाहूल टिपणारे ग्राहक रेणू कमी, ते मागे राहतात. शेतातही तेच : पहिल्याच वळवाला भुलून सगळ्या शिवाराने पेरणी केली, तर दुबार पेरणीला बी उरत नाही. वक्ता एकेकट्या पोराला योगी करू पाहत होता. मला वाटतं, कुणी आधी उठावं, कुणी मागे थांबावं, आणि थांबलेल्याला कुणी आळशी म्हणू नये.