हेक्टरने टोप का उतरवला

अमरावती

चि. बाळास,

होळीला अकोल्याला आलो तेव्हा गच्चीवरचा तुझा स्पार्टा पाहिला. आजीच्या परातीची ढाल, होळीसाठी आणलेल्या पऱ्हाटीचे भाले, पुठ्ठ्याच्या टोपावर केरसुणीचा तुरा. मला मनापासून आवडलं. पण धाकटा जिन्यात रडत बसला होता. ‘तो कमजोर आहे मामा, स्पार्टात चालत नाही,’ असं तू म्हणालास. चारचौघांत तुला बोलणं बरं वाटलं नाही, म्हणून लिहितो.

तू म्हणतोस ते खोटं नाही. स्पार्टात पोराला सातव्या वर्षी आईपासून तोडत. पण त्या शूरांची वावरं कोण वाहत होतं? हेलॉट नावाचे गुलाम. तुझे आबा स्वतः वखर धरतात. स्पार्टात ते हेलॉटांतच मोजले गेले असते. आणि थर्मोपिलीच्या खिंडीत इ.स.पू. 480 मध्ये इराणी फौजेपुढे फक्त तीनशे स्पार्टनच उभे नव्हते. थेस्पिआ या लहानशा गावाचे सातशे जण शेवटपर्यंत थांबले आणि मेले. हेरोडोटसने ते लिहून ठेवलंय, तरी त्यांचं नाव कोणी घेत नाही.

ग्रीकांच्या गोष्टीतला वीर बघायचाच तर होमरच्या ‘इलियड’मधला हेक्टर बघ. लढाईला निघालेला हेक्टर आपल्या तान्ह्या पोराला घ्यायला हात पुढे करतो. टोपावरचा हलता तुरा पाहून पोरगं घाबरून दाईला बिलगतं. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर टोप काढतो, खाली जमिनीवर ठेवतो आणि मगच लेकराला उचलून त्याचा मुका घेतो. पुढे तो ग्रीक वीर अकिलीजच्या हातून मरतो. तरी मला विचारशील तर त्या दोघांत मोठा हेक्टरच.

आणि बाळा, वीर शोधायला तेवढ्या लांबही जायला नको. आपल्या गाविलगडावर 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज शिरले, तेव्हा किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. हिवाळ्यात तुला तिथे नेईन. ऑलिम्पिक तर ग्रीकांचंच. 1936 साली त्याच ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनी आपले देशी खेळ जगाला दाखवले. त्यात कबड्डीही होती. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या माणसांनी समोरचा गडी बाद केला की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. असा नियम तुझ्या स्पार्टात असता, तर धाकटा जिन्यात बसला नसता.

परीक्षा संपली की दोघंही इकडे या. मल्लखांब मी दाखवतो, आधी त्याला चढू दे. येताना टोप जरूर आण. आणि हे पत्र त्याला वाचून दाखव, त्याला अजून जोडाक्षरं जमत नाहीत.

तुझा,
मामा