दाताची उसंत

दात किडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : गोड किती खातोस? आई मुलाला विचारते, दाताचे डॉक्टर आजोबांना विचारतात. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न हवा : दिवसातून किती वेळा खाता, आणि मधल्या वेळात तोंड रिकामं किती राहतं? वसई किल्ल्याजवळच्या पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यात हा दुसरा प्रश्न विचारत गेलं, तर दाताची गोष्ट कामाच्या वेळा, हातातला पैसा आणि बाईच्या वाट्याला येणारी विश्रांती इथपर्यंत जाऊन पोचते.

आधी तोंडात घडतं काय, ते पाहू. दातांवर जिवाणूंचा एक पातळ, चिकट थर सतत बसत असतो. साखर आली की हे जिवाणू ती पचवतात आणि आम्ल तयार करतात. पीठ-मैद्याचे चिकट पदार्थ दातांत अडकून राहिले की लाळेमुळे त्यांचीही हळूहळू साखर होते. १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने हे मोजून दाखवलं. लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून त्याने दातांवरच्या थराची आम्लता तपासत ठेवली. काही मिनिटांतच सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली उतरला. ही पातळी ओलांडली की दाताच्या वरच्या कठीण कवचातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. मग लाळ आपलं काम सुरू करते : आम्ल निववते आणि विरघळलेले क्षार कवचात परत भरते. पण त्याला वेळ लागतो, साधारण अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त.

म्हणजे प्रत्येक गोड घासानंतर दाताची थोडी झीज होते आणि प्रत्येक उसंतीत थोडी भरपाई. झीज आणि भरपाई यांचा मेळ बसला, तर दात सत्तर वर्षंही टिकतो. दुसरा घास उसंत पुरी होण्याआधी आला, तिसरा त्याहून आधी, तर भरपाई मागे पडत जाते आणि एक दिवस जिभेला खड्डा लागतो. चार लाडू जेवणाबरोबर एका बैठकीत खाल्ले तर दाताला एकदाच मार बसतो. तेच चार लाडू दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकत राहिलं तर मार दिवसभर चालतो. साखर तेवढीच, नुकसान कितीतरी अधिक.

याचा पुरावा जिथून आला ती जागा मात्र अस्वस्थ करणारी आहे. स्वीडनमधल्या लुंड शहरात व्हिपेहोल्म नावाचं मतिमंदांचं रुग्णालय होतं. तिथल्या रुग्णांवर १९४५ ते १९५३ या काळात प्रयोग झाले. काहींना जेवणाबरोबर साखर दिली, काहींना दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटून राहणारी टॉफी. त्यांची संमती घेण्याचा प्रश्नच तेव्हा कुणाला पडला नाही. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. अधूनमधून चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. पुढे स्वीडनमध्ये मुलांना शनिवारीच गोळ्या-चॉकलेटं द्यायची रीत रुजली, तिच्यामागे हेच निष्कर्ष होते. ज्या माणसांचे दात त्यासाठी खर्ची पडले, त्यांच्या ऋणात आज जगातला प्रत्येक दंतवैद्य आहे, आणि ते ऋण म्हणूनच लक्षात ठेवायला हवं.

आता पाचूबंदरकडे येऊ. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांना दोऱ्या ताणलेल्या असतात आणि त्यांवर बोंबील वाळत असतात. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांना ना गाठ असते, ना काडी. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टाकायची. माशाचे बारीक, आत वळलेले दातच त्याला वाऱ्यात धरून ठेवतात. मीठ लागत नाही, ऊन आणि वारा पुरतो. या बोंबलाचं, जवळ्याचं सुकं, ताज्या मासळीचं कालवण, भात आणि तांदळाची भाकरी, हे इथलं पिढ्यांचं जेवण. दाताच्या दृष्टीने ते चांगलं होतं. मासळीत साखर नसते, प्रथिनं भरपूर असतात आणि बारीक मासळी काट्यासकट खाल्ली की कॅल्शियमही मिळतं. भात-भाकरीत पिष्ट असतं खरं, पण जेवण झालं की झालं. पुढच्या जेवणापर्यंत तोंडाला सुट्टी. जुन्या माणसांचे दात बळकट होते असं सांगताना लोक दातवणाचं, राखुंडीचं नाव घेतात. माझ्या मते श्रेय त्याहून अधिक त्या सुट्टीला द्यायला हवं. राखुंडीने तर कवच घासलंच जायचं.

ही सुट्टी गेली कुठे? एक धागा बोटीवर सापडतो. डोलीची मासेमारी घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालते. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं जाळं प्रवाहाच्या जोरावर भरतं आणि पाणी फिरायच्या वेळी ते ओढायचं असतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, कामाचा रेटा असतो; भांगात, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत, तो ओसरतो. त्यामुळे आज पहाटे तीनला उठलेला खलाशी आठवड्याने भलत्याच वेळी जाळं ओढत असतो. त्याची झोप तुकड्यातुकड्यांची, जेवण सापडेल तेव्हा. पापलेट-सुरमईसाठी लांब जाणाऱ्या बोटींवर तर दिवसचे दिवस समुद्रातच काढायचे. अशा जगण्यात माणसाला जागं आणि उभं ठेवतो तो चहा. दुधाचा असो वा कोरा, साखर सढळ. सोबत बिस्किटं, कारण ती टिकतात, स्वस्त मिळतात आणि ओल्या हातानेही खाता येतात.

आता हिशेब करू. एका कपात दोन चमचे म्हणजे साधारण आठ ग्रॅम साखर. सहा कपांत ती पन्नास ग्रॅमच्या जवळ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसासाठी दिवसाची जी वरची मर्यादा सांगितली, ती साधारण एवढीच आहे, आणि खरं तर तिच्या निम्म्यावर थांबावं असं संघटनेचं म्हणणं आहे. पण आकड्याहून महत्त्वाचे आहेत ते सहा वेगळे कप. सहा वेळा झीज, तीही अनेकदा रात्री. चहानंतर डोळा लागला, तर झोपेत लाळ फार कमी सुटते. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊनही ती आटते. बोटीवर गोडं पाणी पिंपात मोजून नेलेलं असतं, त्यातलं चुळा भरायला कुणी उधळत नाही. म्हणजे झीज वाढते त्याच वेळी भरपाई करणारी लाळ घटते. खलाशाला ‘रात्री झोपण्याआधी ब्रश करा’ असं सांगणाऱ्याने आधी त्याला विचारावं, तुझी रात्र कोणती?

मुलांचा धागा वेगळा आहे. बाप समुद्रावर, आई बाजारात. रडणाऱ्या पोराच्या हातावर टेकवायला पाच रुपयांचं पाकीट सगळ्यात सोपं. दुकान गल्लीतच असतं. चॉकलेट, क्रीमचं बिस्कीट, मैद्याचे कुरकुरीत तुकडे, सगळं दातांच्या खाचांत अडकून राहणारं. यात आईचा निष्काळजीपणा शोधणं मला पटत नाही. तिच्याकडे वेळ नाही, पाच रुपये आहेत. तान्ह्या मुलाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन निजवलं की पुढचे वरचे दात ओळीने काळे पडतात, तेही याच थकव्यापोटी. वसईला चिकट गोड खाण्याची परंपरा नाही असं नाही. आगाशीकडची सुकेळी, राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, दाताला चिकटण्यात टॉफीला हार जाणार नाही. पण सुकेळी हंगामाचा पदार्थ होता, पाहुण्यासाठी जपून ठेवलेला. रोज दुपारी चार वेळा हातात येणारा नव्हता. स्वीडनने शनिवार ठरवला. पाचूबंदरमधल्या कॅथलिक घरांत रविवारची मिस्सा आहेच. मिस्सेनंतरचा खाऊ एवढाच आठवड्याचा खाऊ, असा घराचा नियम होऊ शकतो. बंदीपेक्षा तो पाळायला सोपा, कारण त्यात मुलाला वाट बघण्याचा आनंदही मिळतो.

सगळ्यात गुंतागुंतीचा धागा आहे बायकांचा आणि मशेरीचा. तंबाखू तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची. पहाटे उठल्याबरोबर चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळायची. महाराष्ट्रभरच्या कष्टकरी बायकांत ही सवय आहे आणि कोळीवाडेही तिला अपवाद नाहीत. दात साफ होतात म्हणून ती सुरू होते, मग तलफ लागते आणि दिवसातून तीन-चार वेळा डबी उघडली जाते. तंबाखूने दात साफ होत नाहीत. हिरड्या दातांपासून सुटत जातात, मुळं उघडी पडतात, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दंतवैद्य डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली होती. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले असे बदल यांचा संबंध मांडणारा तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली आला. त्यात धूररहित तंबाखू, बहुतेक मशेरीच, वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन न वापरणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर बंदी कशी पोचणार?

मशेरीचा दाह आणि साखरेची कीड ही दोन वेगळी दुखणी आहेत, तरी मूळ एकाच ठिकाणी निघतं. बाजारकरणीचा दिवस पाहा. लिलाव, टोपली, बर्फ, रिक्षा किंवा लोकल, बाजारातली बैठक, घासाघीस, परतल्यावर चूल आणि पोरं. या सगळ्यात ती जिथे भिंतीला पाठ टेकून, कुणाशी न बोलता पाच मिनिटं बसते, ती वेळ मशेरीची. तोंड भरलेलं असतं म्हणून तिला कुणी हाक मारत नाही, आणि मारली तरी तिला उत्तर द्यावं लागत नाही. भूक दबते. दुखऱ्या दाताचा ठणकाही काही वेळ दबतो, असं बायका सांगतात. दाताला उसंत मिळत नाही कारण बाईला मिळत नाही, आणि बाईला जेवढी मिळते ती अशा रूपात की तिच्या हिरड्याच जातात. ‘मशेरी सोडा’ म्हणणाऱ्याने तिच्या हातातून नेमकं काय काढून घेतोय, ते ओळखायला हवं. ती पाच मिनिटं तिला दुसऱ्या कुठल्या रूपात मिळणार, याचं उत्तर घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी द्यायचं आहे. डॉक्टर ते देऊ शकत नाहीत.

साध्या उपायांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहेत असं समजून ते सांगायचे राहतात. फ्लोराइड असलेली पेस्ट क्षारांची भरपाई भक्कम करते, म्हणून ती मौल्यवान. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइडही वाहून जातं. लहानग्याला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. तिसऱ्या वर्षानंतर वाटाण्याएवढी. खलाशासाठी नियम असा ठेवावा की सगळ्यात लांब झोपेआधी एकदा ब्रश. मग ती झोप दुपारी येवो की पहाटे.

उपचारांपाशी मात्र थांबावं लागतं. कीड लहान असते तेव्हा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या दातासाठी धंदा बुडवून कोण जाईल? दुखायला लागतं तेव्हा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. मग रूट कॅनाल आणि वर टोपी, खर्च हजारांत, खेपा तीन-चार. त्यापेक्षा काढून टाका, एका खेपेत मोकळे. दात काढण्याचा निर्णय अडाणीपणातून येतो असं शहरी माणूस समजतो. खरं तर तो चोख हिशेब असतो, फक्त त्यात पुढच्या वीस वर्षांचं चावणं धरलेलं नसतं. स्वस्त आणि चांगला इलाज मुंबईत आहे. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, आणि वसईहून लोकलने सरळ जाता येतं. पण अशा ठिकाणची बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची, आणि सकाळीच मासळीचा भाव.

वर्षात एक काळ असा येतो की पाचूबंदरला वेळ असतो : १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे एकसष्ट दिवस. बोटी ओढून ठेवलेल्या, जाळी विणणं-सांधणं चालू, माणसं घरी. दातांच्या तीन-चार खेपा याच दिवसांत जमतात. पण याच दिवसांत घरात रोकड नसते. हंगामात पैसा असतो आणि वेळ नसतो, बंदीत वेळ असतो आणि पैसा नसतो. दंत तपासणीची शिबिरं बहुधा हिवाळ्यात, आयोजकांच्या सोयीने भरतात. तपासून, चिठ्ठी देऊन डॉक्टर निघून जातात आणि ती चिठ्ठी हंगामात कुठेतरी विरून जाते.

किनाऱ्यावर मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या आहेत. त्या डिझेल आणि बर्फ उधारीवर देतात आणि मासळी आली की वळती करून घेतात. त्याच खात्यावर जून-जुलैमध्ये सभासदांच्या घरच्या माणसांच्या दातांचा खर्च टाकता येईल. शिबीर जूनच्या पहिल्या आठवड्यात, इलाज जुलै संपायच्या आत, आणि परतफेड नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडल्या की हप्त्याने. खलाशांची नावंही त्यात घालावीत, बाहेरगावाहून आलेल्यांचीसुद्धा. बंदी लागताच ते गावी निघून जातात, म्हणून त्यांच्यासाठी मे महिन्यातल्या भांगाचे दोन-तीन दिवस आधीच राखून ठेवावे लागतील.